अकरा चिठ्ठ्या, स्रोत नाही

खण ओढून तिने हात आत घातला, तो नेहमीपेक्षा चार बोटं जास्त आत गेला आणि मागच्या पत्र्याला जाऊन टेकला. पत्रा गार होता. झालं ते एवढंच. खोलीत कुणी मान वर करून पाहिलं नाही. छताची ट्यूबलाइट नेहमीसारखी बारीक किणकिणत होती, समोरच्या टेबलावरची बाई चष्मा रुमालाने पुसत होती, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेताना भोंगा वाजवत होतं. पण तिच्या हाताला कळलं होतं. हा खण गेलं वर्षभर इतका गच्च होता, की शेवटच्या पुठ्ठ्यामागे बोट सरकवायचं तर नख आडवं करावं लागे. आणि आज तिथे चक्क जागा होती. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तशी तिची बोटं पुन्हा पुन्हा तिथे जाऊ लागली, पत्र्याला लागून परत येऊ लागली. तिने खण पूर्ण बाहेर काढला, टेबलावर ठेवला, शेवटचा पुठ्ठा पुढे वाकवला. त्याच्या मागे एक रबरबँड पडलं होतं. उन्हाळ्यात विरघळून पुन्हा वाळलेलं, तिने ओळखलं असं. त्यात गुंडाळलेलं काही नव्हतं.

त्या खणात एक इंग्रजी क्रियापद राहत होतं : टेक. कचेरी मोठ्या शब्दकोशाची. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे सगळे अर्थ सुटे करायचे आणि प्रत्येकाला आपल्या भाषेतला जोडीदार शोधायचा. संगणक आले होते, पण मुख्य संपादकांचा जीव चिठ्ठ्यांत. पिवळसर कागदाची, तळहाताएवढी चिठ्ठी. डाव्या कोपऱ्यात शब्द, त्याखाली तारीख, मधे वाक्य, आणि तळाला स्रोत : कुठलं पुस्तक, कुठलं वर्तमानपत्र, कितवं पान. साधे शब्द कुणीही उचलावेत, पण पाच-सहा अवजड क्रियापदं होती, ती एकेका माणसाच्या गळ्यात घातलेली. तिला टेक मिळालं त्या दिवशी समोरच्या टेबलावरची बाई, जिला सगळे टाचणी म्हणत आणि तिला ते माहीत होतं, म्हणाली होती, "टेक दिलं तुला? मग बाई, तुझं बाळंतपण इथेच होणार बघ." तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं की तिला दुसरा महिना आहे. ती एकटीच जरा जास्त हसली होती.

आणि खरंच, पोटात मूल आणि टेबलावर टेक असे ते महिने गेले. इंग्रज माणूस औषध घेतो, सुट्टी घेतो, शपथ घेतो, तेवढं ठीक. पण फोटोही घेतो, आपण काढतो. परीक्षाही घेतो म्हणे, आणि आपण ती देतो, टाचणी म्हणायची, "म्हणून तर ते पास होतात." मुलीला शाळेत घेतो, आपण नेतो. कामाला दोन तास घेतो, आपल्याला लागतात. लहान मूल आईवर जातं, तिथेही टेक. एखाद्याचा लळा लागतो, तिथेही टेक. एखादा अपमान गिळतो, एखादी गोष्ट गृहीत धरतो, एखाद्याला बनवतो, टेक, टेक, टेक. अर्थांचा आकडा सत्तरच्या पुढे गेला तेव्हा तिला झोपेत चिठ्ठ्या दिसायला लागल्या. त्यातला एकेचाळिसावा अर्थ तिने भांडून वेगळा ठेवून घेतला होता. माळ्याने लावलेली फांदी जगते, मुळं फुटतात, त्या वेळी ते टेक म्हणतात. तपासनीसांचं म्हणणं, 'लागणे'मध्ये घाला. ती म्हणाली, नाही, आपण 'जीव धरणे' म्हणतो, त्याला वेगळा आकडा द्या. जीव धरणं वेगळं. तेव्हा आठवा महिना होता. तपासनीसांनी तिच्याकडे, मग तिच्या पोटाकडे पाहिलं आणि एकेचाळीस लिहिलं.

ठकूचा शब्द आला तो चौदाव्या महिन्यात. मुलीचं नाव दुसरं होतं, पण घरात ती ठकू. संध्याकाळी तिला भरवत असताना तिने चमचा ओढून घेतला, अर्धा सांडला, उरलेला आईच्या तोंडाशी आणून धरला आणि म्हणाली, "घे." स्पष्ट. घ खालून, पोटातून काढलेला, आणि ए लांब, जणू तिला त्याची चव आवडली होती. तिने आधी ते खाल्लं, हसली, रडली, ठकूचं तोंड पुसलं, आणि मग, सवयीने, पर्समधून एक कोरी चिठ्ठी काढली. डाव्या कोपऱ्यात लिहिलं : घे. त्याखाली तारीख. मधे वाक्य. तिला हे करताना काही वेगळं वाटलं नाही. दुसऱ्या आया वहीत लिहितात, कुणी फोन पुढे धरतं, ती चिठ्ठी लिहीत होती. पुढच्या चौदा आठवड्यांत अकरा चिठ्ठ्या झाल्या. दोन्ही हात वर करून घे, म्हणजे मला उचल. बाहुली न्हाणीच्या बादलीत सोडताना घे, ते बादलीला. उशी फेकून घे, म्हणजे ही नको. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांना, हातात काहीही नसताना, घे. एकदा झोपेत, कुणालाच नाही. एकच शब्द, आणि पोरीने त्याची अकरा कामं काढली होती. ती रात्रंदिवस ज्या क्रियापदाशी झटत होती त्याचाच जोडीदार मुलीने एकटीने, कुणी न सांगता, खुशाल जगायला घेतला होता, आणि तिला त्या आठवड्यांत, लाज वाटावी इतकं, आपण भाग्यवान आहोत असं वाटत होतं.

मग शब्द गेला. कधी, ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. येण्याची तारीख असते, जाण्याची नसते. अकरावी चिठ्ठी लिहिल्यावर बारावीची तिने वाट पाहिली. एक आठवडा, दोन. ठकू चमचा हातात घेई आणि खाली टाकी. दोन्ही हात वर करायचंही थांबलं. उचलली तर उचलली जाई, ठेवली तर बसे. पंख्याकडे बघे. आईने समोर बसून म्हणावं, "घे, ठकू, घे," आणि ठकूने तिच्या तोंडाकडे नव्हे, तोंडाच्या जरा बाजूला पाहावं, जिथे काहीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काही पोरं उशिराच बोलतात. ह्याचंही तसंच होतं, तीन वर्षं नुसता ढिम्म." आणि नवरा म्हणाला, "ती बोललीच कुठे होती? तोंडातून आवाज काढायची. तू त्याचे शब्द केलेस. तुझा धंदाच आहे तो." तो हे चिडून म्हणाला नाही. दमलेल्या माणसासारखा म्हणाला, बूट काढता काढता. म्हणून तिने चिठ्ठ्या घरातून हलवल्या. घरात ठकूच्या हाताला लागेल ते बादलीत जाई; आणि नवऱ्याच्या त्या शांत आवाजापासूनही त्या लपवायच्या होत्या. तिला ठाऊक असलेली सगळ्यात भक्कम जागा म्हणजे हा खण. पोलादी, किल्लीचा, एकशे दहा वर्षं टिकेल अशा कागदाने भरलेला. शेवटच्या पुठ्ठ्यामागे, रबरबँड लावून, तिने त्या ठेवल्या, आणि त्यानंतर रोज सकाळी खण उघडताना नख आडवं करून एकदा हात लावून बघायची. मोजायची नाही. नुसता हात.

मागच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "कधी एखादा शब्द होता का हिच्याकडे? आणि मग गेला, असं?" ती म्हणाली, "हो." त्याच क्षणी नवरा म्हणाला, "नाही." बाईंनी पेन थांबवलं. मऊ, जाड, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. "दोघं एकदम दोन सांगताय," त्या म्हणाल्या. "हे मला नीट कळायला हवं. आलेला शब्द गेला असेल तर मला शोध दुसऱ्या बाजूने घ्यावा लागेल, आणि लगेच. आलाच नसेल तर आपण सहा महिने खेळगटात पाठवून वाट बघू. काही लिहिलेलं आहे? आवाज धरून ठेवलेला?" फोनवर तिने कधी धरला नव्हता, फोन समोर आला की ठकू तोच तोंडात घाली. "लिहिलेलं आहे," ती म्हणाली. "तारखांसकट. कचेरीत आहे." नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "पुढच्या सोमवारी, संध्याकाळी पाचला," बाई म्हणाल्या. "घेऊन या." दुसऱ्याच दिवशी ठकूला ताप भरला. पाच दिवस रजा. आज सोमवार. आज ती एवढ्याचसाठी वेळेआधी येऊन, कोट न काढता, खणापाशी उभी राहिली होती.

"अगं, तुझा खण तपासणीला गेला होता ना," टाचणी म्हणाली. चष्मा डोळ्यावर चढवून तिने आता पाहिलं, आणि पाहिल्यावर तिचा आवाज उतरला. "बुधवारी. वरून निरोप आला, टेक हवंय, छापखाना थांबलाय. तू नव्हतीस. मी म्हटलं ती आल्यावर न्या, पण तपासनीसांपुढे कुणाचं चाललंय? काय झालं? काय गेलं?"

"काही नाही," ती म्हणाली. "माझं जरा होतं."

"घरचं?"

"घरचं."

"घरचं इथे कशाला ठेवायचं, बाई," टाचणी म्हणाली, पण टोचली नाही. उठून तिने तिच्या कोटाची कॉलर नीट केली. वाकडी नव्हती.

तपासनीसांना सगळे चाळणी म्हणत. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात बसत, दार उघडं, कान किंचित मंद, हातात कायम एक सपाट लाकडी पट्टी. चिठ्ठी आली की ते तिचा तळ आधी वाचत. स्रोत. स्रोत असेल तर मग वर जात. नसेल तर चिठ्ठी पट्टीला लावून मधोमध फाडत, उभी, एका आवाजात, आणि दोन तुकडे दोन बाजूंच्या टोपल्यांत टाकत, म्हणजे पुन्हा कुणी चिकटवून आणायला नको. तिला हे सगळं माहीत होतं, कारण पहिल्या वर्षी ती त्यांच्याच हाताखाली होती आणि अशीच पट्टी तिलाही दिली होती. जिना चढता चढता तिला ते म्हातारे मास्तर आठवले. निवृत्त, लांब राहणारे. त्यांनी चाळीस चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, सुबक, एकसारख्या अक्षरात, आणि प्रत्येकीच्या तळाला स्रोताच्या जागी लिहिलं होतं, 'माझी पत्नी असं म्हणे.' वाक्यं फार गोड होती. एक तर तिला तोंडपाठ झालं होतं : 'दार ओढून घ्या, पण कडी घालू नका, मी येणार आहे.' तिने त्या चाळीसही फाडल्या. मग कचेरीच्या कागदावर लिहिलं, छापील आधार नसल्याने आपल्या नोंदी स्वीकारता येत नाहीत, कळवण्यास खेद वाटतो. मास्तरांचं उत्तर आलं नव्हतं. तेव्हा तिला वाटलं होतं, समजूतदार असणार.

"अकरा होत्या," चाळणी म्हणाले. त्यांना आठवत होत्या. त्यांना सगळंच आठवत असे. "शेवटच्या पुठ्ठ्यामागे. अक्षर तुमचंच होतं म्हणून मी दोनदा बघितल्या. म्हटलं ह्या बाई असं करायच्या नाहीत. पण तळ कोरा."

"त्या कोशातल्या नव्हत्या, सर."

"खणात होत्या."

"हो."

"खणात असेल ते कोशातलं." मग पट्टी टेबलावर सरळ करत ते म्हणाले, "एकीवर होतं काहीतरी. सातवी का आठवी. 'ऐकणारा : बाबा.' आता बाबा हा काही स्रोत होत नाही ना, बाई. मी विचार केला. नाही केला असं नाही."

ती न विचारता समोरच्या खुर्चीत बसली. सातवी. ती विसरली होती की सातवीवर तिने ऐकणारा लिहिला होता. अकरांपैकी दहांवर तिने तेवढंही लिहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या चिठ्ठीत एक पानाचा आकडा चुकला तर परत पाठवणारी ती, आपल्या मुलीच्या शब्दाखाली जागा मोकळी सोडून बसली होती, कारण तिला वाटलंच नाही की कुणी कधी विचारेल, हे कुणी ऐकलं. आईला कोण विचारतं. पण सातवी वेगळी होती. त्या दिवशी ती शेजारच्या खोलीत होती, आणि दारातून तिला दिसलं होतं : नवरा कामावरून आलेला, जिन्याजवळच्या फरशीवर बसलेला, आणि ठकू डुलत डुलत त्याच्याकडे चाललेली, हातात त्याचा एक बूट, तिच्या अर्ध्या अंगाएवढा. त्याच्या मांडीवर तो ठेवून ती म्हणाली, "घे." आणि तो, जो दिवसभर इमारतींच्या पोटात लिफ्टच्या दोरांना तेल घालतो आणि घरी आल्यावर चार वाक्यं बोलतो, तो त्या बुटाकडे बघत राहिला. मग त्याने बूट कानाला लावला, फोनसारखा, आणि म्हणाला, "हॅलो? हो, मिळाला." ठकू इतकी हसली की बसली. तिने ते सगळं लिहिलं होतं, बारीक अक्षरात, चिठ्ठीच्या कडेपर्यंत.

"सर, तुम्ही लिहून द्याल? अकरा होत्या म्हणून. तारखा होत्या म्हणून. एक शब्द होता म्हणून."

चाळणींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी कळलं असावं. त्यांनी पट्टी खणात ठेवून दिली, जे तिने कधी पाहिलं नव्हतं. "फाडलेल्या चिठ्ठीबद्दल आपण लिहून देत नाही," ते हळू म्हणाले. "देता आलं असतं तर... पोती खाली आहेत. बाराला नेतात लगद्याला. जा."

तळघरात दिवा एकच होता. शिपाईकाम करणाऱ्या मावशी पोत्यांची तोंडं बांधत होत्या. "काय हरवलं गं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एक पोतं सोडून तिच्यापुढे ओतलं. पिवळसर अर्ध्या चिठ्ठ्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला. ती कोटासकट त्यात बसली. सगळ्या एकाच कागदाच्या, निम्म्या तिच्याच अक्षरातल्या. सव्वातीन वर्षांत तिनेच लिहिलेली, तिनेच बाद केलेली वाक्यं. कुणीतरी रजा घेतली, कुणीतरी सूड घेतला, कुणीतरी कुणालातरी घरी नेलं, आणि सगळी मधोमध तुटलेली. मावशी शेजारी बसून एकेक तुकडा तिच्यापुढे धरत होत्या. "ही?" "नाही." "ही बघ." "नाही, मावशी." "मला वाचता येत नाही म्हणून नाहीतर मी तुला चटकन काढून दिली असती," मावशी म्हणाल्या, आणि पुढची धरली. वाचता येत नसलेल्या बाईच्या हातातून आलेल्या त्या तुकड्यावर तिला दिसलं : 'म्हणाली आणि चमचा.' खालच्या ओळीत : 'माझ्याच तोंडाशी.' उजवा अर्धा. शब्द आणि तारीख डावीकडे असतात. डाव्या टोपलीचं पोतं शुक्रवारीच गेलं होतं. बाराला गाडी आली तेव्हा ती अजून त्या ढिगात हात घालत होती, आणि गाडीवाला म्हणाला, "ताई, उठा आता," तेव्हा उठली. कोटाला पिवळी धूळ लागली होती. मावशींनी ती झटकली, पाठीवर जरा जास्तच वेळ, जशी लहान मुलाची झटकतात.

दुपार कशी गेली ते तिला नंतर आठवेना. बहुधा तिने काम केलं. सासूबाईंचा फोन आला, "निघालीस का? आम्ही निघतोय. पोरीला स्वेटर घातलाय," आणि ती म्हणाली, "निघालेच, आई." रस्त्याने चालताना तिच्या मनात शोधाची दुसरी बाजू घोळत होती. ती कशी असते तिला ठाऊक नव्हतं, बाईंनी सांगितलं नव्हतं. पण ती असते, आणि तिच्याकडे जायला एका कागदाची गरज होती. आणि त्याहून खोल, जे तिने कुणाला सांगितलं नसतं : आज तिला स्वतःलाच तो कागद बघायचा होता. एक वर्ष एकटीने लक्षात ठेवलेली गोष्ट झिजते. दोनतीनदा असं झालं होतं, की मध्येच काम थांबून तिला वाटावं, खरंच म्हणाली का ठकू? की मीच, दिवसभर घेणे घेणे करून, पोरीच्या घशातला कुठलाही आवाज ह्या एका साच्यात ओतला? तसं तर नाही ना, की मी घरी शब्द आणले, पोतंभर, आणि त्या पोत्याखाली तिचा एक चेंगरला?

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. ठकू बापाच्या कडेवर, लाल स्वेटर, डोळे भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. आत तिघंच गेले. बाईंनी ठकूपुढे लाकडी ठोकळे ठेवले. ठकूने एक उचलला, गालाला लावला, तसाच धरून बसली. "आणलंत?" बाईंनी विचारलं. तिने अर्धी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. खण, तपासणी, पट्टी, पोती. सांगताना तिला ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतंय. नवऱ्याने वाकून तुकडा वाचला. "ह्यात शब्द कुठाय?" तो म्हणाला.

"डावीकडे होता." तिने तुकडा उचलून परत खिशात ठेवला.

"हं."

"सातवी चिठ्ठी तुझी होती," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "आठवतंय का तुला? बूट. जिन्याजवळ. तू फोन केलास त्याचा. अरे, तू म्हणालास, मिळाला."

त्याने ठकूच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. ते लागलेलंच होतं. त्याने काढून पुन्हा लावलं. तो लिफ्टच्या बिघाडांचा माणूस होता. त्याच्या कामात दोनच प्रकार असतात, हे तिला त्यानेच एकदा समजावलं होतं : जे बसवलंच नव्हतं, त्याचा दोष कुणावर नसतो, आणि जे चालू होतं नि बंद पडलं, तिथे शेवटचा हात कुणाचा लागला ते शोधावंच लागतं. शब्द गेला त्या आठवड्यांत ती छपाईची पानं तपासायला उशिरापर्यंत थांबे, आणि संध्याकाळी मुलगी त्याच्याकडे असे. काही झालं नव्हतं. काहीच झालं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि तरी वर्षभर ते दोघं त्या काही-न-झालेल्या संध्याकाळच्या दोन बाजूंना, एकमेकांना न दिसता, बसून होते.

"नाही आठवत," तो म्हणाला.

बाईंनी दोघांकडे पाहिलं. मग लिहायला घेतलं. टेबल लहान होतं. उलटं असूनही तिला वाचता आलं. उलटं वाचायची तिला सवय होती. 'आईच्या सांगण्यानुसार एक शब्द. दुजोरा नाही.' दुजोरा नाही ह्या शब्दांखाली बाईंनी रेघ मारली नाही, पण तिला रेघ दिसली. तर शेवटी स्रोत मिळाला होता. आई. ती पट्टी हातात असती तर तिने काय केलं असतं, हे तिला विचार न करता माहीत होतं. "सहा महिने खेळगट," बाई म्हणाल्या. "मग बघू. इथे सही करा, दोघंही." तिने आपलं पेन काढून सही केली, त्याच्याकडे दिलं, त्याने केली. बाई उठून ठकूच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "गोड आहे गं." ठकूने ठोकळा गालावरून काढला नाही, तो तिच्याबरोबरच बाहेर आला आणि कुणी परत मागितला नाही.

सासूबाई पुढे गेल्या, गाडी बघायला. हे तिघं जिना उतरू लागले. पहिल्या वळणावर ठकूच्या पायातला बूट निसटला; छोटासा, पांढरा, दोन पायऱ्या टप टप करत खाली गेला. तिने वाकायच्या आत नवऱ्याने मुलीला पायरीवर उभं केलं, खाली जाऊन बूट उचलला आणि परत वर आला. पण घातला नाही. तो पायरीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने बूट दोन्ही हातांनी ठकूपुढे धरला. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, नुसती मान दिसत होती, ग्रीसच्या काळ्या रेषा बसलेली, कितीही साबण लावला तरी न जाणारी.

"घे," तो म्हणाला.

ठकू कठड्याकडे बघत होती.

"घे, ठकू. असंच म्हणाली होतीस ना? माझा डावा होता. डावा बूट आणलास, उजवा तिकडेच. घे. ए, घे ना, घे." त्याने बूट तिच्या मांडीशी टेकवला, मग कानाला लावला, आणि त्याचा आवाज फाटला. "हॅलो," तो म्हणाला. "हॅलो. हॅलो."

ती एक पायरी वर उभी होती. चल वर, आत्ता, असंच सांग त्यांना, असं तिने म्हणायला हवं होतं, आणि ती म्हणालीही. पण वरच्या मजल्यावरचा दिवा गेला, कुलूप फिरल्याचा आवाज आला आणि मागच्या जिन्याने उतरणारी बाईंची पावलं कमी कमी होत गेली. "उद्या सांगतो," तो बुटात म्हणाला. उद्याचा त्याचा चेहरा तिला आत्ताच दिसत होता. धुतलेला, दाढी केलेला, काही न आठवणारा. म्हणून तिने घाईने कोटाच्या खिशातून अर्धी चिठ्ठी काढली, कोरी बाजू आपल्याकडे करून भिंतीवर दाबून धरली आणि दुसऱ्या खिशात हात घातला. मग पर्समध्ये. मग पुन्हा खिशात. पेन वर राहिलं होतं, डॉक्टरांच्या टेबलावर, त्याच्या सहीशेजारी.